घेतलेला कपडा परत करायचाय? आधी दुकानाची भवानी होऊ द्या

मी सहा वर्षं सांगलीत कापडाच्या दुकानात काउंटरला होते, आता घरीच फॉल-पिको करते आणि ब्लाउज शिवते. म्हणजे आधी माल विकायच्या बाजूला होते आणि आता बायका पिशवीतनं साडी घेऊन येतात आणि "बघ की गं, ही परत घेतील का" म्हणून विचारतात त्या बाजूला आहे. दोन्हीकडनं बघून एक कळलं, आपली माणसं बरोबर उलटं करतात. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, सासूबाईंनी नाक मुरडलं की दुकानात जाऊन हक्कानं भांडतात, आणि साडीची वीण तुटलेली निघाली किंवा ड्रेसचा रंग पहिल्याच धुण्यात गेला की "जाऊ दे, आपलंच नशीब" म्हणून गप बसतात. हक्क आहे तो दुसऱ्या ठिकाणी, पहिल्या ठिकाणी नुसती विनंती करायची असते.

त्यामुळं घरातनं निघायच्या आधीच ठरवा की कपड्यात खोट आहे का आपलं मन बदललंय.

मन बदललं, साइज चुकली, तसलाच रंग कपाटात आधीच आहे हे घरी आल्यावर आठवलं, पुढच्या दुकानात तोच पीस दोनशेनं स्वस्त दिसला, यातल्या कशासाठीही दुकानदारानं माल परत घ्यावा असा कायदा आपल्याकडं नाही. दुकानाची जी पॉलिसी असेल तीच चालणार. बिलावर "7 दिवसांत बदलून मिळेल" असं छापलं असेल किंवा काउंटरला तसा बोर्ड असेल तर तो त्याचा शब्द झाला आणि तो त्याला पाळायला लागतो, तेव्हा तेवढं ठासून मागा. काहीच छापलं नसेल तर मग गोडीगुलाबी.

खोट असेल तर सगळा खेळच वेगळा. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासनं लागू झाला, त्याच्या कलम 2 च्या 47 व्या पोटकलमात अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं ते दिलंय. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे परत द्यायला नकार देणं हे त्यात सरळ लिहिलंय. मुदत किती, तर बिलावर जी दिली असेल ती, आणि बिलावर काही नसेल तर 30 दिवस. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली प्रथा आहे. आणि ते "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं लाल अक्षरात छापलेलं असतं ना, ते मन बदललेल्या गिऱ्हाइकापुरतं ठीक आहे, पण मालात खोट निघाली तर ती ओळ दाखवून दुकानदार हात झटकू शकत नाही. मी स्वतः शेकडो बिलांवर तो शिक्का मारलाय, त्यामुळं सांगते, गिऱ्हाईक घाबरून माघारी जावं एवढाच त्याचा अर्धा उपयोग असतो.

आता आधी विनंतीचं बघू, कारण दहातले आठ-नऊ लोक त्यासाठीच येतात.

पहिलं म्हणजे सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. शेठनं नुकती उदबत्ती लावलेली असते, भवानी झालेली नसते आणि तुम्ही पहिलं गिऱ्हाईक म्हणून माल परत करायला उभं राहता, त्याचं तोंड कडू होणारच. संध्याकाळी दिवेलागणीला पण नको, त्या वेळेला गल्ल्यातनं पैसे बाहेर काढायला बरेच जण तयार नसतात. अंधश्रद्धा म्हणा काय म्हणा, पण काम आपलं आहे. दुपारी तीन-चारच्या सुमाराला जावं, गर्दी नसते, पोरं जेवून आलेली असतात, मालक गल्ल्यावर निवांत असतो. शनिवार-रविवार, दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि लगीनसराईतले मुहूर्ताचे दिवस सोडून द्या. आणि शक्यतो ज्या पोरानं किंवा ज्या ताईनं माल दाखवला तिलाच गाठा, ती ओळखते, "ह्यांनी परवाच नेला" एवढं ती बोलली तरी निम्मं काम होतं.

दुसरं, कपडा नेला तसाच्या तसा पाहिजे. टॅग, कॉलरची पट्टी, आतला पुठ्ठा, पिना, पिशवी, सगळं. आम्ही काउंटरला कपडा हातात आला की पहिल्यांदा काखेत आणि गळ्याला वास घ्यायचो, खोटं नाही सांगत, कारण लोक लग्नात घालून, फोटो काढून, सेंट मारून दुसऱ्या दिवशी "साइज होत नाही" म्हणून आणतात. पावडरचा डाग कॉलरला राहतोच. साडीचं तर त्याहून कडक, घडी मोडली तरी चालेल एकवेळ पण ब्लाउज पीस कापला की विषय संपला, फॉल लावला की संपला. आमच्याकडं बायका साडी घेतल्या घेतल्या दुकानातनं थेट माझ्याकडं येतात आणि म्हणतात लाव फॉल. मी विचारते, घरी सगळ्यांना दाखवली का? नाही. मग आधी दाखवा, दोन दिवस जाऊ द्या, माझा धंदा कुठं पळून जात नाही.

तिसरं, पैसे मागू नका, बदलून मागा. मन बदलल्यावर रोख परत करणारं दुकान क्वचित. बदलीत थोडं वरच्या किमतीचं घेतलं तर मालक खूश, कमी किमतीचं घेतलं तर उरलेल्याची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्या रकमेचा माल नंतर घ्यायची चिठ्ठी, मिळेल, तिच्यावर तारीख आणि मुदत लिहून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी गेल्यावर "ही जुनी झाली ताई" ऐकायला लागतं. आतले कपडे, मोजे, लहान बाळांचं झबलं-टोपडं परत मागायला जाऊच नका, ते कोणी घेत नाही आणि घेऊ पण नये.

बस्त्याचं वेगळं सांगायला लागेल. बस्ता बांधायला पंधरा-वीस माणसं टेम्पो करून येतात, नवरीचा शालू, मानापानाच्या साड्या, टॉवेल-टोपी, सगळं एका दमात, आणि बिल होतं लाखाच्या घरात. घरी गेल्यावर मोजतात तर आहेराच्या आठ-दहा साड्या जास्त झालेल्या. बस्त्याच्या वेळेला मालक चहा पाजतो, नवरीला एक साडी भेट देतो, त्याच वेळेला बोलून घ्यायचं की "उरलेल्या साड्या लग्नानंतर आठ दिवसांत परत घेणार का?" तो "घेऊ की, घरचंच दुकान आहे" म्हणतो, मग म्हणायचं "तेवढं बिलावर लिहून सही करा." तोंडावर सांगितलेलं लग्नानंतर कुणालाच आठवत नाही. आणि बिल एकगठ्ठा "साड्या 40 नग" असं घेऊ नका, प्रत्येक साडीची किंमत वेगळी लिहून घ्या, नाहीतर परत देताना कुठली साडी किती रुपयाची यावरनंच भांडण.

आता खोटीचं. खोट म्हणजे काय काय ते आधी कळायला पाहिजे. वीण तुटलेली, सूत ओढलेलं, जर पहिल्या नेसण्यात काळी पडलेली, शिलाई एका बैठकीत उसवलेली, चेन अडकणारी, दोन बाह्यांचे दोन शेड, लेबलवर कॉटन लिहून आत भलतंच सूत, लेबलवर सांगितल्याप्रमाणं धुऊनही रंग गेला किंवा कपडा आटला, हे सगळं खोटीत येतं. पण लेबलवर फक्त ड्रायक्लीन लिहिलंय आणि तुम्ही मशीनमध्ये गरम पाण्यात फिरवला तर ती तुमची चूक. तसंच दुकानदारानं आधीच दाखवून, "हा डॅमेज पीस आहे, म्हणून निम्म्या किमतीत देतो" म्हणून दिला असेल तर त्याच खोटीसाठी मागं जाता येत नाही. सांगलीतल्या 2019 च्या महापुरानंतरचं आठवत असेल, कापड पेठेत, मारुती रोडला पाणी शिरून माल भिजला आणि मग तो मातीमोल भावात निघाला, तेव्हा घेणाऱ्याला ठाऊक होतं की ही साडी कृष्णेत न्हाऊन आलीय. त्यात फसवणूक नव्हती. पण तोच भिजलेला माल धुऊन इस्त्री करून, काही न सांगता पूर्ण भावात विकला तर ती फसवणूक.

खोट दिसली की पहिलं काम, कपडा आहे तसा थांबवायचा. परत धुवायचा नाही, टाका घालायचा नाही, शेजारच्या टेलरला दाखवून "जरा नीट कर" म्हणायचं नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीत धरून फोटो काढा, एक लांबनं अख्खा कपडा, एक जवळनं खोटीचा, एक टॅगसकट आणि एक बिलाचा. बिलाचा फोटो तर घेतल्या दिवशीच काढत जा, ती थर्मल पावती दोन महिन्यांत कोरी होते आणि मग हातात नुसता पांढरा कागद राहतो. बिल नसेल, कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला असेल तरी हातपाय गाळू नका, चिठ्ठी जपा, यूपीआयनं पैसे दिले असतील तर ती एंट्री, पिशवीवरचं नाव, कपड्यावरचा दुकानाचा स्टिकर, हे सगळं मिळून पुरावा उभा राहतो. पण पुढच्या वेळेला पक्कं बिल मागा, "जीएसटी लागेल मग" म्हणाले तरी मागा.

दुकानात गेल्यावर गल्ल्यापुढं, चार गिऱ्हाइकांच्या देखत, शांत आवाजात बोलायचं. ओरडलात तर सगळे तुमच्याकडं बघतात, हळू बोललात तर कपड्याकडं बघतात. "शेठ, ही 12 तारखेला नेली, हे बिल, ही पदराजवळची वीण बघा, नेसलेली नाही. पैसे परत पाहिजेत." बास. उगं लग्नाची, पाव्हण्यांची, आजारपणाची गोष्ट सांगत बसू नका, गोष्ट लांबली की समोरच्याला फाटे फोडायला जागा मिळते.

मग ठरलेली उत्तरं येतात, मीच दिलेली आहेत त्यामुळं पाठ आहेत. "कंपनीकडनं आलंय, आम्ही काय करणार." पैसे तुम्ही दुकानाला दिलेत, बिल दुकानाचं आहे, तो कंपनीशी काय करायचं ते त्याचं तो बघेल. "क्रेडिट नोट देतो." मन बदललं असतं तर घेतली असती, पण खोटीला कायद्यात पैसे परत असा शब्द आहे, त्यामुळं तुम्हाला चालत असेल तरच घ्या, तो जबरदस्ती करू शकत नाही. "आम्ही जीएसटी भरला, आता बिल रद्द होत नाही." हे उत्तर ऐकून शिकलेली माणसं पण गप होतात, पण परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट काढून भरलेला कर कमी करून घ्यायची सोय जीएसटी कायद्यात आहे, कलम 34, त्याच्या सीएला सगळं ठाऊक असतं. (ही क्रेडिट नोट वेगळी आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतात ती वेगळी, नावं सारखी म्हणून घोटाळा होतो.) "सेलचा माल आहे." सेलमध्ये भाव उतरतो, जबाबदारी उतरत नाही.

माझंच सांगते. नणंदेच्या डोहाळजेवणाला एक सेमी सिल्क घेतली, 2,850 रुपयांची, दुकान सांगलीतलंच, नाव कशाला. घरी फॉल लावायला बसले आणि निऱ्यांच्या भागात आडवा पट्टा दिसला, बाणा म्हणजे विणीतलं आडवं सूत सुटलेलं, बोट घातलं तर आरपार. मी या धंद्यातली असून दुकानात साडी पूर्ण उघडून बघितली नव्हती, बोला आता. अर्ध्यापर्यंत फॉल लागलेला. दुकानात गेले तर म्हणाले फॉल लावला म्हणजे वापरली. मी म्हटलं फॉल काठाला लागतो आणि खोट मधे आहे, सुईनं बाणा सुटत नाही, तुमच्या कारागिराला विचारा. ऐकेनात, दुसरी साडी घ्या म्हणाले, मला त्यातली एकही नको होती. मी घरी आले आणि साध्या कागदावर अर्ज लिहिला, असा:

"प्रति मालक, मी तुमच्या दुकानातून अमुक तारखेला अमुक नंबरच्या बिलानं अमुक रुपयांची साडी घेतली. साडीत विणकामाचा दोष आहे, फोटो जोडले आहेत. अमुक तारखेला दुकानात येऊन पैसे परत मागितले, तुम्ही नकार दिला. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(47) प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे परत करावेत, नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करेन. साडी माझ्याकडे जशीच्या तशी ठेवली आहे."

दोन प्रती काढल्या, एक दुकानात दिली आणि दुसरीवर शिक्का मागितला, देईनात, मग विश्रामबागला जाऊन स्पीड पोस्टनं पाठवली आणि पावती जपली. नवव्या दिवशी दुकानातनं फोन, "ताई, एवढं कशाला, या की." पैसे आले, फॉलचे मात्र माझे गेले. पोस्टाच्या कागदाला दुकानदार का बिचकतो तर त्याला कळतं की हे माणूस पुरावा जमवायला लागलंय.

अर्जानं पण हललं नाही तर 1915 वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, सकाळी 8 ते रात्री 8, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तक्रार नोंदवून नंबर देतात. मोठ्या ब्रँडच्या शोरूमला आणि ऑनलाइन कंपन्यांना याचा चांगला उपयोग होतो कारण तक्रार थेट कंपनीच्या माणसाकडं जाते. गल्लीतल्या छोट्या दुकानाला तेवढा धाक नसतो, हेल्पलाइन काही निकाल देऊन दंड करू शकत नाही, पण तो नंबर पुढं कागदपत्रात कामाला येतो. ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते पण असतात, बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात सुरू केलेली ती चळवळ, आपल्या भागात कोणी असेल तर त्यांचा एक फोन दुकानात गेला तरी फरक पडतो.

शेवटचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. सांगलीत राहणाऱ्या माणसानं पुण्यात किंवा कोल्हापुरात कपडा घेतला असला तरी तक्रार सांगलीच्याच आयोगात करता येते, 2019 च्या कायद्यानं ही सोय केली आणि हीच मला त्यातली सगळ्यात भारी वाटते, नाहीतर हजार रुपयांच्या ड्रेससाठी कोण स्वारगेटच्या गाडीत बसणार. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य. वकील लावायलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. मुदत दोन वर्षं, पण म्हणून दोन वर्षं थांबायचं नसतं. तक्रार ऑनलाइन पण भरता येते, आधी ई-दाखिल होतं, 1 जानेवारी 2025 पासनं ई-जागृती आलंय. खोट आहे का नाही यावर वाद झाला तर आयोग कपडा लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो, म्हणूनच मघाशी म्हटलं कपडा जसाच्या तसा ठेवा. कायद्यात निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. आठशेच्या कुर्तीसाठी एवढं करायचं का हे तुमचं तुम्ही ठरवा. मी आठशेसाठी अर्जापर्यंत जाईन, पाच हजारांच्या शालूसाठी आयोगापर्यंत.

ऑनलाइनचं थोडक्यात. तिथं वेबसाइटनं परत घ्यायची मुदत दिलेली असते तेव्हा मन बदललं तरी चालतं, पण ती मुदत वस्तूगणिक वेगळी असते, ऑर्डर टाकायच्या आधी खाली स्क्रोल करून बघा. आणि खोट असेल, फोटोत वेगळं आणि हातात वेगळं आलं असेल, नकली असेल किंवा सांगितलेल्या दिवसानंतर आलं असेल तर विकणारा परत घ्यायला नाही म्हणू शकत नाही, हे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकालात काढायची हे पण त्यातच. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, पत्त्याच्या लेबलपासनं सुरुवात करून न थांबवता. इन्स्टावर साड्या विकणाऱ्या ताया "नो रिटर्न नो एक्सचेंज" लिहितात, ते खोटीला लागू होत नाही, पण पत्ता माहीत नसलेल्या माणसाला आधी पैसे पाठवून मग नियम सांगण्यात अर्थ नाही, त्यामुळं आधी पत्ता विचारा, सांगत नसेल तर पुढं जा.

एका बाबतीत मात्र लई सांभाळा. रिफंड अडकला की लोक गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात, तिथं चोर बसलेले असतात, गोड बोलतात, "मॅडम, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे येतील." पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. नंबर फक्त अॅपच्या आतनं घ्यायचा. आणि गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, उशीर केला तर पैसे पुढं सरकत जातात.

आणि दुकानदार कबूल झाला, कपडा परत घेतला की तसंच उठून येऊ नका. रोख असेल तर तिथंच मोजून घ्या, "खात्यावर टाकतो उद्या" म्हणाला तर बिलाच्या मागं "माल परत मिळाला, अमुक रुपये देणे" असं लिहून तारीख, सही घ्या, कपडा आणि मूळ बिल दोन्ही त्याच्याकडं ठेवून मोकळ्या हातानं घरी आलेल्या दोन बायका मला माहिती आहेत, त्या अजून फेऱ्या मारतायत.